चिठ्ठीविना औषध : आयडाहोच्या कायद्याची चिकित्सा

प्रस्तावना

औषध कोणते घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचा, डॉक्टरचा की शासनाचा, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्याने एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या कायद्यामुळे तो नव्याने पुढे आला. मानवी वापरास योग्य असे आयव्हरमेक्टिन डॉक्टरची चिठ्ठी किंवा आरोग्य व्यावसायिकाचा सल्ला नसतानाही विकता व विकत घेता येईल, अशी तरतूद त्यात आहे. आर्कान्सा, लुइझियाना आणि टेक्सास या राज्यांनीही त्याच वर्षी चिठ्ठीची अट दूर करणारे कायदे केले. प्रस्तुत लेखात आयडाहोच्या कायद्याचा चिकित्सक विचार केला आहे.

पार्श्वभूमी

आयव्हरमेक्टिनची मूळ योग्यता वादातीत आहे. ज्या संशोधनातून ते निर्माण झाले त्याबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अंधत्व आणणाऱ्या एका कृमिरोगापासून आफ्रिकेतील असंख्य लोकांना या औषधाने वाचविले. कोविडवर मात्र त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही. ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांवरील ‘टुगेदर’ चाचणीचे निष्कर्ष मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे त्यात आढळले नाही. तरीही मागणी ओसरली नाही. प्रयोगशाळेत न सुटलेला वाद अखेर विधिमंडळात मतांनी सुटला.

समर्थकांची बाजू

समर्थकांचा युक्तिवाद सर्वस्वी झिडकारण्याजोगा नाही. योग्य मात्रेत हे औषध पुष्कळ सुरक्षित आहे. चिठ्ठी न मिळाल्याने २०२१ मध्ये काही लोकांनी घोड्यांसाठीचे आयव्हरमेक्टिन घेतले आणि त्यांना विषबाधा झाली. त्यापेक्षा माणसांसाठीची गोळी खुलेपणाने मिळालेली बरी, असे ते म्हणतात. प्रश्न एवढाच की, चिठ्ठी काढून घेतल्यावर तिच्या जागी काय ठेवले?

कायद्यातील उणीव

चिठ्ठी म्हणजे केवळ परवानगी नव्हे. निदान, मात्रा आणि सावधगिरी या तीन गोष्टी तिच्यात सामावलेल्या असतात. चिठ्ठीचे औषध व खुल्या विक्रीचे औषध असा भेद अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९५१ च्या डरहॅम-हम्फ्री दुरुस्तीने स्पष्ट झाला. एखादे औषध पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात नेताना वेष्टनावरील सूचना सामान्य माणसाला समजतात काय, हे तेथील अन्न व औषध प्रशासन पाहते. २०२३ मध्ये नालोक्सोनचा नाकात मारावयाचा फवारा व ओपिल ही गर्भनिरोधक गोळी यांना खुल्या विक्रीची मंजुरी मिळाली, ती या मार्गाने.

आयडाहोच्या कायद्याने हा मार्ग टाळला. राज्याने चिठ्ठी काढली, पण वेष्टन बदलणे राज्याच्या हाती नव्हते. गोळीसोबतचे माहितीपत्रक डॉक्टरांसाठी लिहिलेले आहे. स्ट्राँगिलॉइड या आतड्यातील कृमींसाठी त्यात शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे २०० मायक्रोग्रॅम अशी मात्रा दिली आहे. ३ मिलिग्रॅमच्या किती गोळ्या घ्याव्यात, हे गणित ग्राहकाने दुकानात उभे राहून करावे काय? वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यास धोका कोणी सांगावा? औषधविक्रेत्याचीही कोंडी होते, कारण राज्य विक्रीस मोकळीक देते आणि वेष्टनावर मात्र केंद्रीय कायद्यानुसार ‘केवळ चिठ्ठीवर’ असे छापलेले असते. टेनेसीने २०२२ च्या कायद्यात डॉक्टरशी करार केलेल्या औषधविक्रेत्याची मध्यस्थी ठेवली होती. आयडाहोने तीही ठेवली नाही.

दोन जवळची उदाहरणे

हेच औषध चिठ्ठीविना दिल्याचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. हत्तीरोग निर्मूलनासाठी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा सामुदायिक उपचार सुरू झाला. या पद्धतीत चिठ्ठी नसते, पण शिस्त असते. उंची मोजून मात्रा ठरते, गोळ्या कर्मचाऱ्यासमोर गिळावयाच्या असतात, आणि गर्भवती, गंभीर आजारी व पाच वर्षांखालील बालके यांना आयव्हरमेक्टिन दिले जात नाही. याउलट मे २०२१ मध्ये गोवा शासनाने अठरा वर्षांवरील सर्वांना कोविड प्रतिबंधासाठी हेच औषध देण्याची घोषणा केली. हे औषध कोविडसाठी केवळ चाचण्यांपुरतेच वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्यापूर्वीच, मार्चअखेरीस, सांगितले होते. एका ठिकाणी पुराव्यामागून धोरण आले, तर दुसऱ्या ठिकाणी धोरण पुराव्याला मागे टाकून पुढे गेले.

निष्कर्ष

चिठ्ठीची अट पवित्र नाही, ती योग्य वेळी शिथिल व्हावयास हवी. परंतु चिठ्ठी जे काम करीत होती ते दुसऱ्या कोणावर तरी सोपविल्याखेरीज ती काढणे म्हणजे स्वातंत्र्याच्या नावाखाली जबाबदारी नागरिकाच्या अंगावर टाकणे होय. औषध विकत घेण्याचा हक्क विधिमंडळ बहुमताने देऊ शकते. त्या औषधाचा गुण मात्र बहुमताने ठरत नाही. आयडाहोच्या कायद्याने हक्क दिला आणि तो बजावण्यासाठी लागणारी माहिती दिली नाही, हीच त्याची मूलभूत मर्यादा होय.