राचोलची इगर्ज आणि एका श्रोत्याची मागणी

'ख्रिस्तपुराणा'विषयीं मराठी वाचकाला काय ठाऊक असतें, असें कोणी विचारल्यास प्रामाणिक उत्तर एकच देतां येईल : मराठी भाषेची स्तुति. पाठ्यपुस्तकांत, व्याख्यानांत आणि परीक्षेच्या उत्तरांत तेवढीच उद्धृत होते. विलायतेहून आलेल्या एका पाद्र्यानें आपल्या भाषेची थोरवी गाइली, यामुळें आमचा अभिमान सुखावतो. आणि अभिमान सुखावला कीं वाचन थांबतें. १०,९६२ ओंव्यांच्या ग्रंथांतील मूठभर ओंव्या पाठ करून त्या ग्रंथाला आपला म्हणणें, हें रसिकतेचें लक्षण नव्हे. वर्गांत वर्षानुवर्षें आम्हीहि तेंच करीत आलों. आपली चूक कोठें होत होती, हें मात्र सोलापुरांतील आमच्या पुस्तकांत बसून उमगलें नाहीं. त्यासाठीं राचोलची इगर्ज पाहावी लागली.

राचोल, म्हणजे तेथील लोकांचें रायतूर, हें गोमंतकाच्या साष्टी महालांतील एक शांत खेडें. येथील किल्ला एके काळीं विजापूरच्या आदिलशाहीचा; विजयनगरच्या कृष्णदेवरायानें तो जिंकला आणि १५२० मध्यें पोर्तुगीजांच्या हवालीं केला. आदिलशाहीच्याच हातून गेलेल्या किल्ल्याच्या सावलींत राहणाऱ्या आम्हां सोलापूरकरांना त्या दरवाज्याच्या कमानीखालून जातांना परकें वाटलें नाहीं. किल्ल्याचें आतां फारसें कांहीं उरलेलें नाहीं. टेकडीवर जेझुइटांचें जुनें विद्यापीठ आहे. त्याची कोनशिला १६०६ मध्यें बसली. गांवची इगर्ज त्याहून जुनी, सोळाव्या शतकांतली. ती हिमाच्या मातेला वाहिलेली आहे. रोम शहरांत ऐन उन्हाळ्यांत टेकडीवर हिम पडलें, अशी जी आख्यायिका आहे, तिच्यावरून हें नांव पडलें. ज्या गांवांत कोणाच्या आज्यापणज्यानें हिम पाहिलें नसेल, त्या गांवच्या देवीचें हें नांव! ही श्रद्धा किती दूरवरून आली आणि येथल्या माणसाला ती समजावून देणें किती अवघड होतें, हें त्या एका नांवावरून कळतें.

परंतु ती केवळ समजावून दिली गेली, असें म्हणणें सत्याला सोडून होईल. १५६७ मध्यें याच किल्ल्याच्या कप्तानाच्या हातून साष्टींतील सुमारें २८० देवळें पाडलीं गेलीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनीं पांच जेझुइटांना व त्यांच्या सोबत्यांना ठार केलें. त्या पाद्र्यांचे देह प्रथम राचोलच्या या इगर्जेंतच पुरण्यांत आले. पुढें त्याच गांवच्या प्रमुखांना बोलण्याच्या मिषानें बोलावून त्यांचीहि हत्या झाली. त्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतींकडे पाहतांना हे दोन्ही मृत्यु आठवले पाहिजेत. एकच आठवणाऱ्याला अर्धाच इतिहास दिसेल.

या भूमींत थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें आला आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत, बराचसा काळ साष्टींतच, राहिला. त्याचें पुराण १६१६ मध्यें राचोलच्याच छापखान्यांतून, मराठी खिळ्यांच्या अभावीं रोमन लिपींत, बाहेर पडलें. त्या पुराणाच्या आरंभींच एक प्रसंग आहे, आणि आमच्या मतें साऱ्या ग्रंथाची किल्ली तेथेंच आहे. इगर्जेंत पाद्री-गुरु ख्रिस्ती शिकवण सांगत असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्याला विचारतो. आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं वाचावयास तुमचें एखादें पुराण कां देत नाहीं, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. ग्रंथाचा जन्म या मागणींतून झाला आहे.

हा श्रोता निनांवी आहे. पण कवीपेक्षां थोरपणा त्याचाच अधिक, असें आम्हांस वाटतें. देऊळ गेलें, पोथी गेली, तरी संध्याकाळीं एकत्र बसून ओंवी ऐकण्याची भूक त्यानें टाकली नाहीं. जेत्याच्या इगर्जेंत उभा राहून तो आपल्या हरवलेल्या वस्तूचा हिशेब मागतो, आणि जेत्याचा पाद्री तो हिशेब नाकारूं शकत नाहीं. स्टीफन्सनें मराठी निवडली ती केवळ भाषेवर मोहित होऊन नव्हे. ओंवीवांचून या लोकांच्या अंतःकरणांत शिरण्याचा मार्ग नाहीं, हें त्यानें या श्रोत्याकडून शिकून घेतलें. ज्या स्तुतीच्या ओंव्या आम्ही मिरवितों, त्यांच्यामागें हा प्रश्न उभा आहे.

ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे ग्रंथाचे गुणदोष नीट तोलतां येतात. आमच्या जिल्ह्यांतील नाझऱ्याच्या श्रीधरानें १७०२ मध्यें 'हरिविजय' पुरा केला. त्याच्या श्रोत्याला कृष्णकथा आधींच ठाऊक होती. श्रीधराला ती केवळ रंगवावयाची होती. स्टीफन्सच्या श्रोत्याला कथा नवी, नांवें परकीं, देश अनोळखी. म्हणून त्याला सांगावेंहि लागतें आणि समजवावेंहि लागतें. पहिल्या पुराणांतील संथ चाल व वारंवार येणारीं प्रश्नोत्तरें ही त्याची किंमत होय. मराठींतले कठीण शब्द गाळून लोकांच्या बोलींतले सोपे शब्द त्यानें जाणून घेतले; त्यामुळें भाषेचा पोत कोठें कोठें विसंवादी होतो. जुन्या दैवतांच्या निषेधाच्या ओंव्या आज वाचवत नाहींत, आणि वाचवूं नयेत. परंतु स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, तेव्हां निषेध करणाराच नकळत ऋणी होतो. ज्या परंपरेचा उच्छेद करावयाचा, तिच्याच शब्दांनीं बोलावें लागणें, हा त्या काव्यांतील खरा ताण आहे. केवळ धर्मप्रचार म्हणून ग्रंथ बाजूला सारणाऱ्याला तो दिसत नाहीं. केवळ मराठीचा गौरव म्हणून डोक्यावर घेणाऱ्यालाहि दिसत नाहीं.

हा ग्रंथ साष्टीच्या इगर्जांतून वाचला जात असे. पुढें १६८४ मध्यें सरकारनें फर्मान काढून लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें असें ठरविलें. ज्या सत्तेच्या आश्रयानें पुराण झालें, तिनेंच त्याच्या श्रोत्याची जीभ बांधूं पाहिली. तरीहि कानडा मुलुखांत गेलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यांनीं नकला जपल्या. त्यांवरून १९०७ मध्यें मंगळूरला सालढाणा यांची प्रत निघाली. लंडनच्या मार्सडेन संग्रहांत अ‍ॅबट यांना देवनागरी हस्तलिखित आढळलें. १९५६ मध्यें पुण्यास बंडेलूंची देवनागरी आवृत्ति झाली. म्हणजे ग्रंथ दुर्मिळ आहे, ही सबब आतां आम्हांला उरलेली नाहीं.

आम्ही गेलों त्या दिवशीं इगर्जेंत कोंकणींतून प्रार्थना चालली होती. फर्मान काढणारे गेले, बोली राहिली. मागच्या बांकावर बसून आम्हीं त्या निनांवी श्रोत्याचें स्मरण केलें. त्यानें पुराण मागितलें, आणि त्याला तें मिळालें. आम्हांला तें न मागतां मिळालें आहे, आणि आम्हीं त्यांतल्या चार ओंव्या पाठ केल्या आहेत. परत येतांच उरलेल्या वाचावयास बसलों आहों.