राखेतला उजेड

गॅसबत्तीचा उजेड ज्योतीचा नसतो, राखेचा असतो. हे एकदा ध्यानात आलं की जुन्या बाजारात गोणपाटावर आडवी पडलेली, काच नसलेली पेट्रोमॅक्सही ओलांडून पुढे जाववत नाही. माझ्याकडे अशा चार बत्त्या आहेत. त्यांतली थोरली समोर घेतो आणि कविता ओळीओळीने वाचावी तशी खालून वर वाचत जातो.

सर्वांत खाली टाकी. पितळेची, वर निकेलचा मुलामा, त्यावर नावाचा ठसा. बर्लिनच्या ‘एरिख अँड ग्रेट्झ’ कारखान्याची ही घडण. पेट्रोलियममधला ‘पेट्रो’ आणि मॅक्स ग्रेट्झ यांच्या नावातला ‘मॅक्स’ जुळून पेट्रोमॅक्स झालं. आपल्याकडे हे नाव इतकं रुळलं, की बत्ती कुठल्याही कारखान्याची असो, ती पेट्रोमॅक्सच. टाकीत रॉकेल भरायचं, पण काठोकाठ नाही. वर हवेला जागा ठेवायची. पंप मारून कोंडलेली ही हवाच रॉकेलला वर ढकलते. साध्या कंदिलात तेल वातीतून आपलं आपण चढतं. इथे ते माणसाच्या दंडाच्या जोरावर चढतं.

नुसतं चढून मात्र भागत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. रॉकेलची नळी मेंटलच्या, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीच्या, अगदी शेजारून नेली आहे ती त्यासाठीच. मेंटलच्या धगीने नळी तापते, रॉकेलची वाफ होते, ती वाफ जळून मेंटल उजळतं आणि पुन्हा नळी तापते. बत्ती स्वतःच्याच धगीवर स्वतःचं इंधन तयार करते. फक्त पहिली ऊब तिला उसनी द्यावी लागते. वाटीत थोडं स्पिरिट ओतून ते जळेपर्यंत थांबायचं. घाई केली की कच्चं रॉकेल फसफसत येतं, भडका उडतो, काच काळी होते. ते दोन मिनिटांचं थांबणं हाही या रचनेचाच भाग आहे.

पुढे सुईच्या अग्राएवढं भोक. त्यातून वाफ जोराने सुटते, जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते, वर जाते आणि वळून खाली मेंटलमध्ये उतरते. तो अखंड ‘सूंऽऽ’ आवाज इथला. तमाशाच्या कनातीत, लग्नाच्या वरातीत, कोकणातल्या दशावताराच्या रात्री ज्यांनी तो ऐकला, त्यांना आजही उजेडाआधी आवाज आठवतो.

आणि मग मेंटल. सगळी रचना ज्यासाठी उभी आहे ती ओळ. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने 1885 मध्ये पहिलं मेंटल केलं, पण त्याचा उजेड हिरवट पडायचा. ते चाललं नाही. त्याने हार मानली नाही. 1891 मध्ये त्याला प्रमाण सापडलं: 99 भाग थोरियम ऑक्साइड, 1 भाग सेरियम ऑक्साइड. नुसतं थोरियम घेतलं तर उजेड मंद, सेरियम वाढवलं तरी मंद. शंभरातला तो एक भाग म्हणजे कवितेतला असा शब्द, जो काढता येत नाही आणि दुसऱ्यांदा वापरताही येत नाही.

नवं मेंटल म्हणजे दोऱ्याने बांधायची मऊ जाळीदार पिशवी. पहिल्यांदा पेटवलं की कापड जळून जातं, पिशवी आक्रसते आणि उरतो राखेचा पांढरा सांगाडा, मोगऱ्याच्या कळीएवढ्या नाजूक अंगाचा. बोट लागलं की भुगा. (थोरियम किंचित किरणोत्सारी असल्याने तो भुगा फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावा.) असा सांगाडा टाकीवर लिहिलेला 500 कँडलपॉवरचा उजेड अंगणभर पाडतो.

बत्ती जपायची म्हणजे हा सगळा क्रम चालता ठेवायचा. माझ्या थोरलीचा पंप धरत नव्हता. दट्ट्या नुसता आत-बाहेर व्हायचा. उघडून पाहिलं तर चामड्याचा वायसर वाळून पापडासारखा कडक झालेला. रात्रभर तेलात ठेवला, सकाळी बोटांनी त्याची कड वाटीसारखी फुलवली आणि पहिल्याच दाबाला हाताला हवेचा विरोध लागला. काय वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांनी तिने श्वास घेतला.

काही संग्राहक निकेल खरवडून पितळ लखलखीत करतात आणि बत्ती काचेच्या कपाटात मांडतात. मला ते पटत नाही. मुलाम्याबरोबर तिचं वय जातं, ठसा पुसट होतो. शिवाय कपाटातली बत्ती म्हणजे कधीच न उघडलेलं पुस्तक. टाकीला चीर किंवा गळती नाही याची खात्री करून, उघड्या अंगणात, दोन-तीन महिन्यांतून एकदा ती पेटवलीच पाहिजे.

तुमच्या माळ्यावर एखादी असेल तर भंगारात देण्याआधी तिचा पंप उघडून वायसर तेवढा पाहा. पुष्कळदा बिघाड तेवढाच असतो.