नायकाची भूमी, भूमीचा नायक

नायक आणि भूमी यांचे नाते हा साहित्यविचारातील जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. इपोलित तेनने १८६३ मध्ये इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना वंश, परिस्थिती आणि क्षण या तीन घटकांतून साहित्यकृतीची उपपत्ती मांडली, तेव्हा भूमी हे कारण आणि माणूस हे कार्य असा क्रम त्याला अभिप्रेत होता. तमिळमधील 'तोल्काप्पियम्'चा तिणै-विचार याहून वेगळा आहे. तेथे डोंगर मीलनाचा, कुरणे-जंगल प्रतीक्षेचा, शेतजमीन रुसव्याचा, समुद्रकिनारा विरहव्याकुळतेचा आणि करपलेला माळ ताटातुटीचा संकेत ठरतो. भूमी माणसाला घडवते असे हे शास्त्र म्हणत नाही. भूमीच्या आधारे माणसाचे अंतरंग वाचता येते, एवढेच ते सांगते. शिवाय एका भूमीचा भाव दुसऱ्या भूमीत आला तर त्याला त्याची हरकत नाही. मराठीत देशीवादाच्या चर्चेने हाच प्रश्न मूल्याच्या पातळीवर नेला : मातीशी असलेले नाते हा साहित्याच्या श्रेष्ठतेचा निकष होऊ शकतो काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अनपेक्षित संहितेच्या आधारे करावयाचा आहे. 'सिव्हिलायझेशन' हा संगणकावर खेळावयाचा व्यूहखेळ सिड मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रथम सिद्ध केला. त्याची सातवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. खेळाला साहित्यकृती म्हणावे काय, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. या खेळात नायक आहे, त्याची भूमी आहे, त्या दोहोंचा संबंध ठरविणारे नियम आहेत आणि त्या नियमांतून निघणारे कथन आहे. हे नियम म्हणजे एका अर्थी लिहून ठेवलेले काव्यशास्त्रच होय. नायक आणि भूमी यांच्या नात्याविषयी जे कादंबरीकार सूचित करतो, ते या खेळाच्या रचनाकाराला आकड्यांत सांगावे लागते. त्याची गृहीतके त्यामुळे उघडी पडतात.

खेळाचा आरंभ साधा आहे. नकाशा घरांत विभागलेला असतो. प्रत्येक घराचे उत्पन्न ठरलेले असते : इतके धान्य, इतके उत्पादन, इतके धन. खेळणाऱ्याच्या हाती वसाहतकारांची एक तुकडी असते आणि तिच्याभोवतीचा थोडासाच प्रदेश दिसत असतो. बाकी सारे अंधारात. पहिले नगर कोठे वसवायचे, हा पहिला निर्णय. परंतु त्याच्याही आधी एक निर्णय झालेला असतो, तो नायकाच्या निवडीचा. नकाशाचा प्रकार, म्हणजे द्वीपसमूह की एकसंध महाखंड, हे आधी ठरविता येते. नेमकी आरंभभूमी मात्र खेळ उघडल्यावरच दिसते. त्यामुळे नायक निवडणारा खेळाडू अजून न पाहिलेल्या भूमीविषयी अंदाज बांधत असतो. भूमी त्या नायकाला मानवणारी निघाली नाही, तर तो नकाशा टाकून देऊन नवा मागण्याची सोय असते आणि ती सर्रास वापरली जाते.

पहिल्या आवृत्तीत ही अडचण नव्हती, कारण खेळाडूने निवडलेला नायक हे केवळ नाव होते. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत नायकाला दोन-दोन गुण लाभले. ते गुण भूमीच्या नावाने बांधलेले नव्हते, तरी भूमीतूनच फळाला येत. धनसंचयी नायकाचे उदाहरण घेता येईल. ज्या घरातून मुळात दोन धन मिळते, तेथून त्याला तीन मिळते. समुद्रकाठच्या पाण्याचे घर मुळातच दोन देते. नदीकाठी झोपड्यांची वस्ती केली की तेही दोनावर जाते. म्हणजे हा नायक पाण्याजवळ फुलतो. मात्र हे नियमात कोठेही लिहिलेले नाही. खेळाडूला ते दोन नियम जोडून वाचावे लागते. या आवृत्तीत मालीचा मानसा मूसा धनसंचयी होता. साहजिकच सहारालगतच्या राज्याचा हा राजा जाणत्या खेळाडूच्या हाती नदीकाठी आणि समुद्रकाठी रमत असे.

तोच मानसा मूसा सहाव्या आवृत्तीच्या २०१९ च्या पुरवणीत परतला, तेव्हा त्याचा कायापालट झालेला होता. आता मालीच्या नगराला लगतच्या वाळवंटी घरांमुळे धान्य आणि श्रद्धा मिळते; खाणींतून सोने वाढते, पण उत्पादन घटते. या आवृत्तीत यंत्र नायकाला त्याच्या स्वभावाची भूमी मिळावी असा कलही राखते, म्हणून मूसाचा आरंभ बहुधा वाळवंटाजवळच होतो. इन्कांच्या पाचाकुतीला डोंगराची घरे कसता येतात. इतरांना ती केवळ अडसर असतात. पीटरच्या रशियाला टुंड्रा अधिक उत्पादन आणि श्रद्धा देतो. नायक पाहावा आणि भूमी ओळखावी, इतके हे नाते उघड झाले आहे. त्यामुळे खेळ अधिक रंगतदार आणि अधिक ऐतिहासिक झाला, असे सामान्यतः मानले जाते. पहिल्या म्हणण्याशी वाद नाही. दुसरे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

मालीच्या राज्याला अन्न पुरविले ते नायजर नदीने. वाळवंट ओलांडून व्यापार चाले. १३२४ मध्ये मूसा मक्केच्या यात्रेला गेला तो ते ओलांडूनच. वाळवंट हा त्याच्या वैभवाचा मार्ग होता आणि त्या मार्गातला धोकाही होता. धान्याचे कोठार तो कधीच नव्हता. येथे एक लक्षणाव्यापार घडला आहे. ज्या भूमीशी नायकाचे नाव निगडित, ती भूमी त्याला अनुकूल, असे नियमकर्त्याने ठरवून टाकले. निगडित असणे आणि अनुकूल असणे यांतला भेद पुसला गेला.

पीटरच्या बाबतीत हा भेद अधिक ठळक होतो. १७०३ मध्ये त्याने नेवा नदीच्या मुखाशी नगर वसविण्यास आरंभ केला, ती जागा नगराला सर्वस्वी अयोग्य होती. दलदल, पूर, जवळपास दगड नाही. सक्तीने आणलेल्या मजुरांनी तेथे खांब ठोकले आणि कितीतरी जण तेथेच मेले. पीटर इतिहासात पीटर म्हणून उभा राहतो तो भूमीला न जुमानण्यामुळे. पुश्किनने १८३३ मध्ये 'ब्राँझचा घोडेस्वार' लिहिला, त्याच्या मुळाशी हीच जाण आहे. १८२४ च्या पुरात त्या काव्यातील गरीब कारकून येवगेनीची प्रेयसी वाहून जाते, आणि भ्रमिष्ट झालेला येवगेनी ज्याने हे नगर येथे वसविले त्याच्या पुतळ्यापुढे उभा राहून त्याला जाब विचारतो. नायकाने भूमीवर मिळविलेल्या विजयाची किंमत शंभर वर्षांनंतर एका कारकुनाने चुकती केली. खेळातील पीटरला मात्र गोठलेली जमीन वरदानासारखी लाभते. ज्या विरोधातून त्याचे व्यक्तित्व घडले, तो विरोधच नियमाने काढून घेतला आहे. उरतो तो पीटर नावाचा, बर्फात सुखाने नांदणारा एक कारभारी.

यावरून एक विधान करता येईल. भूमीला साजेसा नायक निवडण्याची जी कला हा खेळ शिकवितो, तिच्यामुळे कथनातील दोन गोष्टी हरवतात. पहिली गोष्ट नायकाचा संघर्ष आणि दुसरी त्या संघर्षाची किंमत मोजणारा तिसरा माणूस.

आपल्या परंपरेतील आरंभभूमीची सर्वांत मोठी कथा या तिसऱ्या माणसाला विसरत नाही. पांडवांना राज्याचा वाटा म्हणून खांडवप्रस्थ मिळाले, ते ओसाड रान. नकाशा टाकून नवा मागण्याची सोय त्यांना नव्हती. तेथे इंद्रप्रस्थ उभे राहिले, कृष्णार्जुनांनी खांडववन जाळले, आणि त्या आगीतून वाचलेल्या मयाने सभा बांधली. 'सिव्हिलायझेशन'च्या खेळाडूला हा क्रम ओळखीचा वाटेल. तेथेही रान तोडले की उत्पादनाची एकरकमी भर पडते आणि इमारत लवकर उभी राहते. फरक इतकाच की खेळातल्या रानात कोणी राहत नसते. महाभारतकाराने खांडवात तक्षकाचे घर ठेवले आहे. त्याची पत्नी तेथे मरते, पुत्र अश्वसेन निसटतो. पुढे तक्षक परीक्षिताच्या मृत्यूला कारण होतो, जनमेजय सर्पसत्र मांडतो, आणि महाभारत सांगितले जाते ते त्या सत्रात. म्हणजे आरंभभूमी साफ करण्याचा हिशेब इतका लांबतो की सारे महाकाव्य त्याच्या कडेत बसते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये खांडवदहनाकडे भूमीच्या लोभातून झालेला संहार म्हणून पाहिले, ते मूळ संहितेवर बाहेरून लादलेले नाही. ती शक्यता संहितेनेच जपून ठेवलेली आहे.

खेळाच्या संहितेत अशी शक्यता आहे काय? याचे उत्तर कॅनडातून आले. २०१८ च्या पुरवणीत क्री लोकांचा नायक म्हणून पाउंडमेकर आला. त्याच वर्षी पाउंडमेकर क्री नेशनच्या एका प्रतिनिधीने जाहीर आक्षेप घेतला : दुसऱ्यांच्या भूमीवर ताबा मिळविणे ही वसाहतवाद्यांची मूल्यदृष्टी होती, आमची नव्हे, हा खेळ ती आमच्या माथी मारतो. या आक्षेपाकडे भावना दुखावल्याची तक्रार म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. तो नियमांवरचा आक्षेप आहे, आणि नियम वाचले की त्याचे बळ कळते. खेळात क्रींचा व्यापारी नगरापासून तीन घरांच्या आत ज्या बेवारस घरावर प्रथम पाऊल टाकतो, ते घर क्रींच्या मालकीचे होते. आता इतिहास पाहा. १८७६ मध्ये सहाव्या कराराच्या वाटाघाटींत याच पाउंडमेकरने हरकत घेतली होती, की ही भूमी आमची आहे, तुकडे कापून आम्हालाच परत वाटून देण्याची ती वस्तू नव्हे. करारावर त्याला अखेर सही करावी लागली. १८८५ च्या उठावात त्याने माघार घेणाऱ्या सैनिकांचा पाठलाग होऊ दिला नाही, तरी त्याला राजद्रोहाची शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी तो मरण पावला. कॅनडाच्या सरकारने त्याला दोषमुक्त केले ते २०१९ मध्ये. ज्याने भूमी तुकड्यांनी मोजण्यास नकार दिला, त्याच्याच नावाने खेळात एकेक तुकडा जोडला जातो. रचनाकारांचा हेतू गौरवाचाच होता, यात संशय नाही. परंतु घर हे एकक आणि उत्पन्न हे मूल्य एकदा मान्य केले, की कोणताही नायक आणला तरी तो भूमीकडे त्याच दृष्टीने पाहू लागतो. नायकाची निवड मोकळी आहे. दृष्टीची निवड आधीच झालेली आहे.

या चौकटीतही एक अपवाद घडला आहे, त्याची नोंद घेणे न्यायाचे होईल. २०१९ च्याच पुरवणीतील माओरी नायक कुपे याचा आरंभ भर समुद्रात होतो. त्याला आरंभभूमीच नाही. इतर नायक नगरे वसवीत असता तो किनारे पाहत फिरतो, आणि दर फेरीगणिक अधिक चांगल्या किनाऱ्याची आशा व वेळ गमावल्याची भीती यांच्यात खेळाडू सापडतो. शिवाय त्याच्या लोकांना न छेडलेले रान अधिक देते आणि भूमीतील संपत्ती एकदाच लुटून नेण्याची त्यांना मुभा नाही. येथे प्रथमच निवड नायकाकडून कथनाकडे सरकते : भूमी शोधणे हीच कथा होते, आणि काय करू नये हेही नायकाच्या व्यक्तित्वात मोडते. रान तेथेही आकड्यानेच मोजले जाते. तरी थांबण्याला मोल आहे, हे एकाच आकडेमोडीत बसविता येते, एवढे सिद्ध झाले.

सातव्या आवृत्तीने क्रम उलटा केला. नायक तोच राहतो आणि त्याचे लोक युगागणिक बदलतात. घोड्यांच्या तीन जागा कसल्या की पुढच्या युगात मंगोल होण्याचा मार्ग खुला होतो. ही तेनची उपपत्ती तिच्या अंतिम टोकाला गेलेली आहे : भूमी लोक घडवते, आणि तेही पात्रतेची अट पुरी केल्यासारखे. याला देशीयता म्हणता येणार नाही. भूमीशी नाते म्हणजे तिच्या उत्पन्नाशी जुळणारे लोक होणे नव्हे.

'तोल्काप्पियम्'च्या परंपरेकडे पुन्हा वळताना 'शिलप्पदिकारम्'मधील एक कल्पना आठवते. पालै म्हणजे करपलेला माळ ही मुळात स्वतंत्र भूमी नाही; डोंगर आणि जंगल उन्हाने होरपळले की त्यांचेच पालै होते. भूमीला काळ असतो आणि तिच्यावर आपत्ती येते, हे त्या कवींना ठाऊक होते; म्हणून त्यांचा संकेत ठोकळेबाज झाला नाही. व्यूहखेळाने भूमी आणि नायक यांची जोडणी अचूक केली, पण अचूकपणाच्या मोबदल्यात विसंगती गमावली. साहित्याला नायक लागतो तो भूमीला साजेसा म्हणून नव्हे. तो न साजणाऱ्या भूमीवर उभा राहिला म्हणजे त्याला काय करावे लागते आणि ते कोणाच्या जिवावर, हे साहित्याला पाहावयाचे असते. हाती आलेला प्रतिकूल नकाशा टाकून न देता जो खेळाडू पाचाकुतीला सपाट गवताळ प्रदेशात वसवितो, तो बहुधा उशिरा जिंकेल किंवा हरेल. मात्र त्याच्या खेळाला सांगण्यासारखी गोष्ट असेल. त्या गोष्टीत तक्षकालाही जागा हवी, ही अपेक्षा मात्र खेळाडूकडून करता येत नाही. ती नियम लिहिणाऱ्याकडूनच करावी लागते.