गुप्त जाल आणि रहस्यकथेतील न्याय

रहस्यकथेचा विचार मराठी समीक्षेने आजवर केला तो बहुधा तिच्या खपाचे आश्चर्य व्यक्त करण्यापुरताच. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू यांच्या पराक्रमांनी असंख्य वाचकांना वाचनाची गोडी लावली. कन्नडमध्ये हेच कार्य एन. नरसिंहय्या यांच्या 'पत्तेदार पुरुषोत्तमा'ने केले. या लोकप्रियतेच्या मुळाशी न्यायाची एक विशिष्ट कल्पना आहे, हे मात्र आपण क्वचितच लक्षात घेतो. इंटरनेटच्या गुप्त प्रदेशातील, म्हणजेच 'डार्क वेब'वरील, गुन्हा कादंबरीचा विषय झाल्यावर ही कल्पना टिकून राहते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

कवी डब्ल्यू. एच. ऑडेन याने १९४८ साली रहस्यकथेची मीमांसा करताना असे दाखविले की, तिला एक बंदिस्त, परस्परपरिचित समाज लागतो. खून होताच त्या समाजातील प्रत्येकजण संशयाच्या छायेत येतो. पुढे सत्यशोधक एका व्यक्तीकडे बोट दाखवितो आणि उरलेले सर्व पुन्हा निर्दोष ठरतात. वाचकाचा आनंद कोडे सुटल्याचा जितका, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, आपण दोषी नाही या आश्वासनाचा असतो.

असा समाज कल्पावयाचा तर बंगळूरचे मल्लेश्वरम घ्यावे. १८९८ च्या प्लेगनंतर आखलेली ही वस्ती. काडू मल्लेश्वराच्या मंदिराने तिला नाव दिले, आणि १६६९ च्या शिलालेखाने त्या देवस्थानाशी शहाजीपुत्र व्यंकोजीचे नाव जोडलेले असल्यामुळे मराठी वाचकालाही ती अगदीच परकी नाही. संपिगे रस्ता, मार्गोसा रस्ता, त्यांना छेदणारे क्रमांकित 'क्रॉस', सी. टी. आर. मधील डोशासाठी खोळंबलेली माणसे: अशा ठिकाणी अनोळखी पाऊल चटकन ध्यानात येते. जुन्या धर्तीच्या रहस्यकथेला याहून सोयीची भूमी कोणती असणार?

परंतु याच वस्तीतील एखाद्या माडीवर संगणकापुढे बसलेला तरुण डोळ्यांपुढे आणावा. त्याचा निरोप कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक अशा गुप्तलिपीच्या आवरणांत गुंडाळला जातो आणि अनेक संगणकांमधून पुढे सरकतो. वाटेतील प्रत्येक संगणकाला आपला मागचा आणि पुढचा एवढेच ठाऊक असते. निरोपाचा उगम आणि शेवट दोन्ही एकाच वेळी कोणालाच कळत नाहीत. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात जन्मलेली ही रचना पत्रकारांना आणि छळ सोसणाऱ्यांनाही आसरा देते, हे विसरता कामा नये. रहस्यकथेच्या दृष्टीने मात्र येथे परिचित समाजच नाहीसा होतो. शेजारी उरत नाही, उरते ते टोपणनाव.

यामुळे उत्कंठा संपते, असे म्हणणे योग्य होणार नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'सिल्क रोड' या गुप्त पेठेचा चालक रॉस उलब्रिक्ट २०१३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात पकडला गेला. त्याचे नाव तपासात पुढे आले ते एका साध्या निष्काळजीपणामुळे. पेठेची जाहिरात करताना वापरलेल्या टोपणनावानेच त्याने अन्यत्र स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता देऊन ठेवला होता. यंत्र कितीही निनावी असो, माणूस आपली खूण मागे ठेवतोच. आणि खूण आहे तोवर रहस्यकथेला जागा आहे.

खरी अडचण आहे ती शेवटाची. एक पेठ बंद झाली आणि महिन्याभरातच त्याच नावाची दुसरी उघडली. तपासातल्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनाच बिटकॉइनच्या चोरीबद्दल २०१५ साली शिक्षा झाली. उलब्रिक्टला त्याच वर्षी जन्मठेप झाली आणि २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. गुन्हेगार सापडला, पण सुव्यवस्था परतली नाही. असा विषय घेऊन जी कादंबरी अखेरीस एका खलपुरुषाच्या हातात बेड्या घालून समाधान पावते, ती वाचकाला खोटे आश्वासन देते, असेच म्हणावे लागेल.

टॉमस पिंचनच्या 'ब्लीडिंग एज' (२०१३) या कादंबरीने हे ओळखले आहे. २००१ च्या न्यूयॉर्कमध्ये, सप्टेंबरच्या हल्ल्याच्या आगेमागे, मॅक्सीन टार्नो ही परवाना गमावलेली तपासनीस एका कंपनीच्या हिशेबांचा माग काढीत 'डीपआर्चर' या गुप्त जगात शिरते. पिंचन सर्व प्रश्नांचा निवाडा करीत नाही, यात त्याची सचोटी आहे. मात्र नावांच्या आणि विनोदांच्या गर्दीत मृत माणसाचे दुःख पुसट होते. संशय सर्वव्यापी झाला की करुणेला जागा उरत नाही, हा या कादंबरीचा मोठा दोष होय.

याउलट अनिता नायर यांच्या 'कट लाइक वुंड' (२०१२) मध्ये इन्स्पेक्टर बोरेई गौडाच्या सोबतीने बंगळूरचे रस्ते, घाम आणि एकटेपणा अंगाला भिडतो. तेथे देह आहे, म्हणून वेदनाही आहे. गुप्त जालावरील उत्तम कादंबरीला या दोन्ही गुणांचा संयोग साधावा लागेल, आणि तो साधण्याची वाट विषयातच आहे. निनावी पेठेत मागविलेली अमली वस्तू अखेर कोणाच्या तरी उंबरठ्यावर, पत्ता घातलेल्या पुडक्यातूनच येते. बंगळूरात २०२० च्या नोव्हेंबरात डार्क वेबवरून अमली पदार्थ मागविल्याच्या आरोपावरून एका तरुणाला अटक झाली, तेव्हा हा उंबरठा किती जवळचा आहे हे दिसून आले.

म्हणजे हरवलेला शेजार येथे पुन्हा कथेत प्रवेश करतो. परंतु या वेळी संशयितांचा समुदाय म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकांचा म्हणून. गिऱ्हाइकांवाचून ती पेठ चालत नाही. एकाला दोषी ठरवून उरलेल्यांना मुक्त करणारा ऑडेनचा न्याय तेथे अपुरा पडतो. 'हे कोणी केले?' या प्रश्नाच्या मागोमाग 'हे कोणासाठी केले?' असे जी रहस्यकथा विचारील, तीच या नव्या विषयाला पुरी पडेल. आणि मग तिच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची सवलत समीक्षेलाही घेता येणार नाही.