मयसभेंतील वर्ग

मयासुरानें पांडवांसाठीं बांधिलेल्या सभेंत दुर्योधन पाण्यास जमीन समजून पडला, ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याची फजिती झाली ती सभा आभासी होती म्हणून नव्हे. कोठें काय आभासी आहे हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें म्हणून. उच्च शिक्षणांत आभासी सृष्टि आणण्याचा जो उत्साह सध्यां दिसतो, त्याचें परीक्षण करितांना हा भेद ध्यानांत ठेवावा.

कल्पना तशी नवी नाहीं. अमेरिकेंत एडविन लिंक यानें १९२९ सालीं वडिलांच्या कारखान्यांतील ऑर्गनचे भाते वापरून जमिनीवरच डोलणारें विमान केलें. हेतु सरळ होता: शिकाऊ वैमानिक चुकला तरी त्याचा जीव जाऊं नये. आमच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांत याच न्यायाचें उदाहरण डोलवीस सांपडतें. तेथील पोलादाच्या कारखान्यांत झोतभट्टीतून लोखंडाचा रस बाहेर पडतो तेव्हां त्याची उष्णता सुमारें १,५०० अंश असते. पन्नास विद्यार्थी तेथें उभे करणें शक्य नाहीं. केले तरी भट्टीच्या पोटांतील व्यवहार कोणासच दिसावयाचा नाहीं. वरून धातुक, कोक व चुनखडी उतरत आहे, खालून तप्त हवा शिरत आहे, आणि वर चढणारा कार्बन मोनॉक्साइड धातुकांतील प्राणवायु हिरावून घेत आहे, हें दृश्य डोळ्यांवर चढविण्याच्या यंत्रानें दाखविलें तर तो खरा लाभ होय.

परंतु पुष्कळदां घडतें तें निराळेंच. ‘सेकंड लाइफ’ नांवाचें आभासी जग २००३ सालीं खुलें झालें. हार्वर्डच्या विधिविद्यालयानें २००६ मध्यें तेथें एक अभ्यासक्रमहि चालविला. मग अनेक विद्यापीठांनीं तेथें इमारती उठविल्या. ज्या जगांत माणसास उडतां येतें तेथें जिने बांधिले, आणि ज्यांचे पाय कधींच दुखत नाहींत त्यांच्यासाठीं खुर्च्या मांडल्या! पुढें यांतील बऱ्याच वास्तु ओस पडल्या, याचें नवल वाटूं नये.

कोपनहेगनच्या मॅक्रान्स्की प्रभृतींनीं २०१९ सालीं छापलेला प्रयोगहि विचार करण्याजोगा आहे. त्यांनीं ५२ विद्यार्थ्यांस प्रयोगशाळेचें एकच आभासी रूप साध्या पडद्यावर व डोक्यावरील यंत्रांतून दाखविलें. यंत्रांतून पाहतांना ‘आपण तेथेंच आहों’ हा भास वाढला, ज्ञान मात्र कमी पदरांत पडलें. डोळे दिपले म्हणजे बुद्धि उजळते असें नाहीं.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या आश्रयानें निघालेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’मध्यें मुंबईची आयआयटी व पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय यांचा सहभाग आहे. येथें चष्म्याचा थाट नाहीं. साध्या संगणकावर, विनामूल्य, प्रयोग करितां येतात. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही उतरवून ‘प्रात्यक्षिक’ पुरें करण्याची जी रीत आपल्या महाविद्यालयांत रुजली आहे, तिच्यापुढें हें शतपट बरें. तरी पडद्यावरचा लंबक फार आज्ञाधारक असतो. खऱ्या लंबकाचा दोरा ताणतो, पंख्याच्या वाऱ्यानें त्याचा झोका बिघडतो, घड्याळावरचा अंगठा उशिरां पडतो. स्वतःच्या हातावर अविश्वास ठेवण्याचें जें शिक्षण येथें मिळतें, तें पडद्यावर कोठून मिळणार?

माझी खरी भीति किंमतीविषयीं आहे. पडदा स्वस्त पडतो, म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयांतील उपकरणांचें कपाट रिकामें राहिलें तरी चालेल असें चालकांस वाटूं लागेल. आणि शहरांतल्या मुलास वस्तु व खेड्यांतल्या मुलास तिची छाया, अशी वांटणी होईल. भट्टीच्या पोटासाठीं यंत्र अवश्य घ्यावें. पण डोलवीजवळच धरमतरची खाडी आहे. तेथें भरती किती चढते हें मोजण्यास खुणा केलेली काठी, घड्याळ आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंतचे सुमारें साडेबारा तास एवढेंच लागतें.