गहाणवटीचे राज्य : वऱ्हाडच्या पहिल्या गॅझेटियरची चिकित्सा

प्लासीपासून सुरू होऊन १९४७ला संपणारा इंग्रजी अमलाचा सरधोपट इतिहास आमच्या वणीला लागू पडत नाही. तालुक्याच्या पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. वर्धेपलीकडचा चांदा नागपूरकर भोसल्यांचा. रघूजी तिसरे निपुत्रिक वारल्यावर १८५४मध्ये तो खालसा झाला. पैनगंगेपलीकडे निजाम. मधला वऱ्हाड मात्र १८५३च्या तहाने इंग्रजांकडे आला, तो हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. लढाई नाही, दत्तक नामंजूर नाही. सावकाराने गहाणाचे वावर कब्जात घ्यावे, तसा.

आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले १८७०चे वऱ्हाडचे गॅझेटियर मी या अंगाने वाचतो. वऱ्हाडावर लिहिणारे बहुतेक जण त्यातली माहिती उचलतात; शीर्षकपानावर फारसे कोणी थांबत नाही. तिथे प्रांताचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ आहे, आणि ‘वऱ्हाड’ हे नुसते बोलीतले नाव म्हणून पुढे जोडले आहे. मुलूख निजामाचा, आपल्याकडे सोपवलेला, अशी ही स्वच्छ कबुली. आतली मांडणी मात्र कायमच्या मालकाची. जमीन, जाती, पिके, बाजार यांची अशी बैजवार नोंद परत करायच्या मालाची कोण करतो? लायल स्वतः वऱ्हाडातले वरिष्ठ अधिकारी होते, हेही विसरू नये. त्याच साली व्हाइसरॉय मेयो खामगावला आले, ते कापसाच्या बाजारपेठेपर्यंत आणलेल्या रेल्वेफाट्यासाठी. लायल यांची विद्वत्ता मी नाकारत नाही, पण तिचा उपयोग कोणाला होता ते उघड आहे.

हैदराबादचे दिवाण सालारजंग मुलूख परत मागत राहिले, त्यासाठी १८७६मध्ये इंग्लंडला गेले, रिकाम्या हाताने परतले. १९०२मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला. गहाणदार कूळ झाला, तेही कधी न उठणारे!

लक्ष्मण सत्य यांचे वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळावरचे १९९७चे इंग्रजी पुस्तक लायलशेजारी ठेवून वाचावे. कापसाने ज्वारीची जमीन आणि गुरांची कुरणे कशी खाल्ली आणि १८९६ ते १९०० या काळात त्याचे काय झाले, हे त्यात सापडते. लायलच्या पानांवरची भरभराट मग तशी दिसत नाही.

आपले स्थानिक इतिहासलेखन इथेच तोकडे पडते. १८८०मध्ये वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे आणि त्यांचा १९३०चा पुसदचा जंगल सत्याग्रह यांवर आपण भरभरून लिहितो. पण त्यांनी मोडलेला जंगल कायदा भाडेपट्ट्याने घेतलेल्या मुलखात चालत होता, याचा उल्लेख सहसा नसतो. पुढे १९३६च्या करारातही वऱ्हाडवरचे निजामाचे सार्वभौमत्व इंग्रजांनी मान्य केले, आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हटले. १५ ऑगस्ट १९४७ला वणीत तिरंगा चढला; पैनगंगेपलीकडच्या निजामी गावांना सप्टेंबर १९४८पर्यंत थांबावे लागले.