मुक्या पडद्याचे दोन निर्वासित: मोजुकिन आणि मास्टर विठ्ठल

चिंचवडमध्ये व्याख्यान म्हटलं की समोर निम्मे लोक पहिल्या शिफ्टवरून थेट आलेले असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे फार पाल्हाळ लावत नाही. विषय मूकपटातल्या नटाचा आणि त्याच्या परागंदा होण्याचा. दोन नट घेऊ. एक देश सोडून गेला. दुसरा मुंबईतच होता, तरीही आमच्या मते तोही निर्वासितच.

पहिला इव्हान मोझुखिन, रशियन मूकपटांचा मोठा तारा. क्रांतीनंतर, 1920 मध्ये, निर्माते येर्मोलिएफ यांच्या कंपनीबरोबर याल्टाहून निघाला आणि पॅरिसला पोचला. तिथं नावाचा उच्चारही बदलला, तो ‘मोजुकिन’ झाला. पण पडदा मुका होता, म्हणून काही अडलं नाही. ‘कीन’ गाजला, ‘कॅसानोव्हा’ गाजला. पिरांदेल्लोच्या कादंबरीवरचा ‘फ्यू मातियास पास्कल’ तर मुद्दाम बघा. गावानं मेला असं धरलेला माणूस दुसरं नाव घेऊन दुसऱ्या शहरात जगू पाहतो. ही भूमिका करायला एका निर्वासिताला वेगळी तयारी ती काय लागणार!

गंमत म्हणजे त्याचा चेहरा मॉस्कोतच राहिला होता. कुलेशॉव्हनं त्याच्या जुन्या फिल्ममधला एक स्थिर चेहरा घेतला आणि कधी सूपच्या थाळीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना कधी भूक दिसली, कधी दुःख. आज जगभर चित्रपटाच्या वर्गात हा प्रयोग शिकवतात. मग बोलपट आला, आणि रशियन वळणाच्या फ्रेंचनं मोजुकिनला मागे लोटलं. जानेवारी 1939 मध्ये पॅरिसजवळ नुयीला, क्षयानं आणि गरिबीत, तो गेला.

आता आपल्याकडचा मास्टर विठ्ठल. नाटक कंपनीतून आलेलं पोर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘कल्याण खजिना’मध्ये (1924) स्त्रीवेषात नाचलं. नंतर मुंबईच्या शारदा कंपनीत नायक झाला, ‘रतन मंजरी’पासून (1926). तलवारबाजी, उड्या, घोडे. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. हे स्टंटपट उचलून धरणारा प्रेक्षक मुख्यतः कष्टकरी. शीर्षकं वाचता आली नाहीत तरी कोण कोणाला मारतोय हे कळायचंच की.

पुढे अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’साठी त्याला घेतलं. मेहबूब खान त्या भूमिकेसाठी इच्छुक होते, पण धंद्याच्या हिशेबात विठ्ठलचं नाव मोठं. करार मोडला म्हणून शारदानं कोर्टात खेचलं. विठ्ठलच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि खटला जिंकला. 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये पहिला भारतीय बोलपट लागला. पण नायकाची उर्दू कच्ची, म्हणून त्याला बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवलं, असं सांगतात. ज्याच्या नावावर तिकिटं खपवायची त्याचंच तोंड बंद.

इतिहासात एवढंच वाक्य उरतं: ‘बोलता येईना म्हणून संपला.’ आम्हाला हे पटत नाही. आपल्या पुण्यात जन्मलेली सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, तिलाही हिंदी येत नव्हतं. ती थांबली, शिकली आणि आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्या घेऊन परतली. त्याहून मोठा दाखला नादियाचा. जन्म ऑस्ट्रेलियातला, हिंदी विलायती वळणाचं, आणि 1935 मध्ये ‘हंटरवाली’नं थिएटरं भरली. उच्चारच आडवे येत असते तर नादिया उभीच राहिली नसती.

मग अडलं कुठं? मायक्रोफोनपाशी. सुरुवातीच्या बोलपटात माइक कुठंतरी लपवलेला आणि नटानं त्याच्या जवळपास राहायचं. शेजारून आगगाड्या जायच्या, म्हणून ‘आलम आरा’चं बरंचसं चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर. अशा जागी घोड्यावरून उडी कुठं मारणार? जीभ मराठी वळणाची होती हे खरंच, पण पडद्याबाहेर काढलं ते शरीराला. तंत्र सुधारून पळापळ पुन्हा शक्य झाली तेव्हा नादिया आली. विठ्ठलचा पहिला बहर तोवर ओसरला होता. चार वर्षांचा तर फरक!

चाकणला मशीन बदललं की जुन्या मशीनवरच्या उत्तम कामगाराला ‘ह्याला जमत नाही’ म्हणतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. समीक्षकही तेच करतात. आणि आमची अडचण अशी की पुरावा म्हणून दाखवायला ‘आलम आरा’ची प्रतच आज उपलब्ध नाही. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं 1964 मध्ये, तोवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. मोजुकिनचं नशीब एवढं बरं की त्याचे चित्रपट अजून बघता येतात.

विठ्ठल मात्र घरी बसला नाही. 1933 मध्ये त्यानं ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित केला. त्यात एकाच नटाच्या दोन भूमिका, आपल्या बोलपटातली ती पहिली दुहेरी भूमिका मानतात. त्या दोन्ही दिल्या शाहू मोडकला, ‘श्यामसुंदर’मध्ये कृष्ण होऊन गाजलेल्या पोराला. नंतर विठ्ठल मराठी चित्रपटांत लहानसहान कामं करत राहिला. 1969 मध्ये तो वारला.